सात खिळ्यांची फळी

सिस्टरनं धक्क्यावरून पाणबुडीचा हवेचा सिलिंडर पुढे केला, पण लाइनमननं तो घेतला नाही. एक पाय बोटीत, एक पाय धक्क्यावर असा तो उभा होता आणि दोन्ही हात त्यानं मुद्दाम खिशात घातले होते.

"आज नको, सिस्टर," तो म्हणाला. "आज तुम्ही नुसत्या या. चहा घ्या, गप्पा मारा."

"गप्पा मारायला पाण्यावर कशाला येऊ? घरी भिंती आहेत की."

सिलिंडर चौदा किलोचा होता आणि सिस्टर त्रेसष्ट वर्षांची. ती धक्क्याच्या कडेला बसली, सिलिंडर मांडीवर घेतला आणि पाय लांबवून स्वतःच बोटीत उतरली. लाइनमनला बाजूला सरावं लागलं. इंजिनापाशी बसलेल्या मिस्त्रीनं हे सगळं पाहिलं आणि पुन्हा फडक्यानं प्लग पुसायला घेतला. तो प्लग त्यानं तीनदा तरी पुसला असेल.

बोट मिस्त्रीची. लहानशी, पुढच्या बाजूला पडदा लावलेली बुटकी केबिन, मागे एक इंजिन. बावीस वर्षांपूर्वी या बोटीवरून सातजण दर रविवारी पाण्याखाली जायचे. मग एकाचे गुडघे गेले, एकीला नातवंडं झाली, एकाची बदली झाली आणि एकजण झोपेतच गेला. आता तिघं उरले होते. विजेच्या खांबांवर चढणारा लाइनमन, त्यांच्यात सगळ्यांत धाकटा, पन्नाशीचा. गॅरेज चालवून थकलेला अडुसष्ट वर्षांचा मिस्त्री. आणि सिस्टर, जिनं चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढली होती.

केबिनच्या बाहेरच्या भिंतीवर एक फळी होती. फळीला सात खिळे. ही फळी सिस्टरची. थिएटरमध्ये पोट शिवण्याआधी कापसाची प्रत्येक घडी, प्रत्येक चिमटा मोजायचा असतो. मोजणी जुळली नाही तर शिवायचं नाही. तीच शिस्त तिनं बोटीवर आणली. प्रत्येकाचा एक पितळी बिल्ला, त्यावर आकडा. पाण्यात उतरताना बिल्ला खिळ्यावरून काढून सुकाणूजवळच्या डब्यात टाकायचा, वर आल्यावर आपल्या हातानं परत लावायचा. सगळे बिल्ले खिळ्यांवर दिसल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. सुरुवातीला सगळे हसले होते. आपण कापसाच्या घड्या आहोत की काय, असं लाइनमन म्हणाला होता. पण बावीस वर्षांत ही मोजणी एकदाही चुकली नव्हती.

चुकली ती चार रविवारांपूर्वी.

त्या दिवशी सिस्टर आणि लाइनमन अठरा मीटरवर होते. पाणी गढूळ झालं आणि दोघांची चुकामूक झाली. नियम असा, की एक मिनिट शोधायचं आणि मग पाच मीटरवर तीन मिनिटं थांबून वर यायचं. लाइनमन घाबरून न थांबताच वर आला. वाऱ्यानं जोर धरला होता, नांगर घसरायला लागला होता. सिस्टर आल्या का, असं त्यानं विचारलं. मिस्त्रीनं फळीकडे पाहिलं. तीन नंबरचा, म्हणजे सिस्टरचा, बिल्ला खिळ्यावर होता. केबिनचा पडदा ओढलेला होता, आणि पाण्यातून आल्यावर सिस्टर अर्धा तास पडद्याआड आडवी होते हे दोघांनाही ठाऊक होतं. नांगर उचलला, बोट निघाली. खाडीच्या तोंडाशी आल्यावर लाइनमननं चहाचा कप घेऊन पडदा बाजूला केला. आत फक्त टॉवेल होता.

सिस्टर नियमानं थांबून वर आली ती ठरलेल्या जागी, ठरलेल्या मिनिटाला. फक्त तिथे बोट नव्हती. तिनं नारिंगी फुगा फुगवला, जॅकेटमध्ये हवा भरली आणि पाठीवर पडून राहिली. बोट परत येईपर्यंत, बावन्न मिनिटं. ती ओरडली नाही, कारण ओरडून दम जातो. घड्याळ बघत राहिली.

गावात मात्र गोष्ट वेगळीच पोचली. म्हातारी पाण्यात भरकटली. वाण्याच्या दुकानात तसं बोललं गेलं, आणि तिच्या लेकीनंही तेच धरलं. लेक त्याच संध्याकाळी आली आणि सगळं सामान गाडीत घालून घेऊन गेली. सिलिंडर तेवढा गॅरेजमध्ये भरायला दिलेला होता म्हणून वाचला.

"आई, तू हरवलीस," लेक म्हणाली. "हे मान्य कर आणि विषय संपव."

"मी हरवले नाही. मला सोडून गेले. दोन्हींत फरक आहे."

"मग तुझा बिल्ला लावला कुणी?"

यावर सिस्टर गप्प बसली. लेकीला तेच उत्तर वाटलं. आईनंच बिल्ला काढला नसणार, वय झालं की होतं असं.

पण सिस्टरला उत्तर ठाऊक होतं. तिला पाण्यातून ओढून घेतलं तेव्हा तिची पहिली नजर फळीवर गेली होती. तिचा बिल्ला उलटा होता, आकडा भिंतीकडे. तशी वस्तू टांगणारा माणूस बोटीवर एकच. मिस्त्रीच्या गॅरेजात पाने, पकडी, सगळं तोंड भिंतीकडे करून टांगलेलं असायचं. खारी हवा लागू नये म्हणून. पसारा त्याला सोसत नसे. वारा सुटल्यावर त्यानं आवराआवर केली असणार, हिंदकळून डब्याबाहेर पडलेला तिचा बिल्ला त्याच्या हाताला लागला असणार, आणि बावीस वर्षांची शिस्त त्या क्षणी त्याच्या डोक्यातून पुसली गेली असणार. त्यानंतर लावल्याचंही तो विसरला. थंडीनं दातखिळी बसलेल्या अवस्थेतही सिस्टरनं पहिलं काम केलं ते बिल्ला सुलटा करण्याचं. त्याच महिन्यात मिस्त्री तिला एकच किस्सा दोनदा सांगून मोकळा झाला होता. थिएटरमध्ये राहून माणसाला लक्षणं न विचारताही दिसतात.

म्हणजे स्वतःची जागा राखायची तर मिस्त्रीची घालवायला हवी होती. चार आठवडे ती हे मनात घोळवत होती. काल लेकीकडे जाऊन तिनं आपलं सामान परत आणलं. लेकीनं दार अडवलं नाही, पण पाणीसुद्धा विचारलं नाही.

बोट खाडीबाहेर पडली, नांगर पडला. लाइनमननं वजनाचा पट्टा कमरेला बांधला. एकट्यानं उतरायचं नाही हा नियम त्यालाही लागू होता, म्हणून तो उथळातच बुडी मारणार होता, नुसती नळी तोंडात धरून. सिस्टरनं पिशवीतून मास्क काढला तसा त्याचा धीर सुटला. तिच्या लेकीचा फोन आला होता, त्यानं शब्द दिला होता, असं तो सांगू लागला. रात्री झोप लागत नाही, ते बावन्न मिनिटांचं पाणी दिसतं, असंही म्हणाला. शेवटी तो मिस्त्रीकडे वळला. "बोट तुमची आहे. तुम्हीच सांगा यांना."

मिस्त्रीनं फडकं खाली ठेवलं.

सिस्टरनं फळीवरून आपला आणि लाइनमनचा बिल्ला काढला. दोन्हींच्या भोकांतून तिनं टाके घालायचा जाड काळा दोरा ओवला. आपला तिनं मनगटाला बांधला, एका हातानं, थिएटरमधल्या गाठीनं.

"बिल्ला बोटीत ठेवायची पद्धत माझी होती," ती म्हणाली. "ती चुकली. बिल्ला बोटीत राहतो म्हणूनच तो खिळ्यावर जाऊ शकतो. यापुढे तो माणसाबरोबर खाली जाईल. माणूस आल्याशिवाय येणार नाही. हा तुझा, तुझ्याही मनगटाला बांध."

"पण त्या दिवशी लावला कुणी?" लाइनमननं विचारलं.

"मोजणी चुकली की पहिल्यांदा मोजणी सुधारायची. माणूस शोधत बसलं की पेशंट टेबलावरच राहतो."

"मी लावला," मिस्त्री म्हणाला.

दोघंही त्याच्याकडे बघायला लागली.

"आठवत नाही मला. आठवलं असतं तर त्याच दिवशी बोललो असतो. पण तुम्ही वर आल्या आल्या तो सुलटा केलात, सिस्टर. मी बघत होतो. उलटा कोण लावतं हे मला माहीत नाही का?" त्यानं हात पुसले. "चार रविवार तोंड उघडेना. म्हटलं, बाई सांगेल. बाईही सांगेना."

लाइनमन फळकुटावर बसला. तो म्हणाला, की मग यांना बोटीवर एकटं ठेवून खाली जायचं तरी कसं.

"जसं बावीस वर्षं गेलो तसं," सिस्टर म्हणाली. "एक चूक झाली म्हणून दोन माणसं घरी बसवायची? मग तू तरी कुणाबरोबर बुडणार आहेस, बादलीबरोबर?"

मिस्त्री उठला. इंजिनाला लाल दोरीची एक कडी अडकवलेली असते; ती काढली की इंजिन लागत नाही. त्यानं ती कडी काढली आणि सिस्टरपुढे धरली. "ही खाली घेऊन जा. हिच्याशिवाय बोट हलायची नाही. मी विसरलो तरी."

त्याचा हात स्थिर होता. सिस्टरनं कडी घेतली, बघितली आणि त्याच्याच मनगटाला दोन वेढे दिले.

"आणि मला न्यायला यायचं झालं तर काय वल्ही मारणार? ठेवा तुमच्याकडेच. चाळीस मिनिटांनी येते."

लाइनमननं सिलिंडर उचलला, तिच्या पाठीवर चढवला, पट्टे ओढले, हवेचा काटा मोठ्यानं वाचला, मग केबिनमध्ये ठेवलेला आपला सिलिंडर चढवला. तिनं त्याचा वाचला. दोघं बोटीच्या काठावर बसली आणि मागच्या मागे पाण्यात गेली.

अठरा मीटरवर पाणी त्या दिवशी काचेसारखं होतं. खडकाच्या कपारीतली जुनी ओळखीची बाम, ती सापासारखी लांब मासळी, घरीच होती. सिस्टरनं तिला मनगटावरचा बिल्ला दाखवला.

चाळिसाव्या मिनिटाला डोकं पाण्याबाहेर काढलं तेव्हा बोट होती. मिस्त्री समुद्राकडे पाठ करून, फळीच्या समोर बसलेला होता. लाल दोरी मुठीत इतकी आवळलेली, की बोटं पांढरी पडली होती. त्यानं वळून पाहिलं नाही. तो खिळे बघत होता.

सिस्टर शिडीनं वर आली. आपल्या हातानं गाठ सोडली, बिल्ला लावला, आकडा बाहेर. लाइनमननं आपला लावला. मिस्त्रीनं बोट पुढे केलं आणि प्रत्येक बिल्ल्याला टेकवून मोजलं. एक, दोन, तीन. मग त्याचं बोट उरलेल्या चार मोकळ्या खिळ्यांवरूनही फिरलं, एकेकावर थांबून.

त्यानंतरच त्यानं लाल कडी इंजिनाला अडकवली.