आप्पांनी बंद केलेली गळती

माझं काम भोकं बघायचं होतं. हसू नका. बीएस्सी केमिस्ट्री, फर्स्ट क्लास, आणि काम भोकं बघायचं.

नगर रोडवर, शिरूरच्या अलीकडे, आमची सिगारेटची कंपनी होती. तिथल्या लॅबमध्ये मी २००१ साली लागले. सिगारेटच्या फिल्टरवर जो पिवळसर कागद गुंडाळलेला असतो ना, त्यावर लाइट सिगारेटमध्ये बारीक भोकांची एक रांग असते. इतकी बारीक, की उजेडासमोर धरल्याशिवाय दिसत नाहीत. झुरका मारला की त्या भोकांतून बाहेरची हवा आत शिरते, धुरात मिसळते आणि धूर पातळ होतो. दुधात पाणी घालावं तसं. गवळी ते लपवून करतो, आमच्या कंपनीत त्याला डिझाइन म्हणायचे.

शिक्रापूरच्या खोलीवर माझ्याबरोबर अनिता राहायची. ती गाड्यांच्या वायरिंगच्या कारखान्यात होती. ती चिडवायची, "तुझं बरंय बाई, भोकांचा पगार घेतीस." मी काय ऐकून घेणारी आहे? मी म्हणायची, "तुझ्या वायरीनं कुणाचा जीव वाचतोय का? आमच्या भोकांनी वाचतोय." आणि हे मी चिडून नाही, खरं मानून म्हणत होते.

मानायला कारण होतं. लॅबमध्ये सिगारेट ओढणारं मशीन होतं. वीस तोंडं एका ओळीत. मिनिटाला एक झुरका, दोन सेकंदांचा, ना कमी ना जास्त. प्रत्येक तोंडामागे एक पांढरी गोल चकती बसवायची, धुरातलं डांबर तिच्यावर साठायचं. मग चकतीचं वजन करायचं. साध्या सिगारेटची चकती काकवीसारखी तपकिरी व्हायची आणि लाइटची फिकट, थोडा चहा सांडल्यासारखी. साधी चौदा मिलिग्रॅम, लाइट तीन. चौदा आणि तीन. डोळ्यांनी बघितल्यावर कोण विश्वास ठेवणार नाही?

माझे वडील, ज्ञानदेव, दौंडला रेल्वेत फिटर होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. गाडीच्या व्हॅक्यूम ब्रेकचं काम त्यांच्याकडे असायचं. त्या ब्रेकच्या पाइपात कुठं बारीकशी फट असली की बाहेरची हवा आत शिरते आणि ब्रेक नीट काम करत नाही. आप्पा पाइपाला कान लावून, ओला हात फिरवून ती फट हुडकून काढायचे. "गळती सापडली न्हाई, असं कवा झालंच न्हाई," हे त्यांचं वाक्य आमच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोइतकंच जुनं. पस्तीस वर्षं गळत्या बंद केल्या आणि पस्तीस वर्षं बिडी ओढली. रिटायर झाल्यावर धाप लागायला लागली.

२००३च्या फेब्रुवारीत आईनं शेजारच्यांच्या फोनवरून कळवलं की आप्पांना दवाखान्यात नेलं होतं, डॉक्टर म्हणाले फुफ्फुसं खराब झालीत, बिडी बंद. मला लगेच रजा मिळाली नाही. जायला बारावा दिवस उजाडला. न्हावरा, पारगावचा पूल, चौफुला करत एसटीनं दौंडला पोचले ती पिशवीत लाइट सिगारेटची पाकिटं घेऊनच. कंपनी दर महिन्याला कामगारांना देते, माझी तशीच पडून होती.

"आप्पा, पस्तीस वर्षांची सवय एकदम सुटत नसते," मी उंबऱ्यातूनच सुरू केलं. "बिडीच्या जागी ही ओढा. हिच्यात डांबर तीनच मिलिग्रॅम. मी रोज माझ्या हातानं मोजते."

आप्पांनी पाकीट हातात घेतलं. उलटसुलट करून बराच वेळ बघितलं. आई चुलीपासून म्हणाली, "अगं राजू, पर त्यांनी तर..."

"गप," आप्पा म्हणाले. "पोरीनं आणलंय."

मला वाटलं, आईला सिगारेट बिडीपेक्षा वाईट वाटते. अडाणी समजूत. मी तिला चौदा आणि तीनचं गणित पुन्हा समजावलं. तिनं भाकरी थापली.

त्यानंतर दर महिन्याला मी पाकिटं नेत होते आणि दर महिन्याला आप्पांची धाप वाढत होती. एप्रिलमध्ये ते स्टेशनपर्यंत चालत जायचे, जूनमध्ये अर्ध्या वाटेत बसायला लागले. ऑगस्टमध्ये घरातून नळापर्यंत गेले तरी भिंतीला हात. माझ्या गणितात हे बसेना. आणि गणित चुकतंय म्हणजे गणित चूक, हे माझ्या डोक्यात येणारच नव्हतं. आप्पा चोरून बिडी ओढतात, असं मी ठरवून टाकलं.

ऑगस्टच्या त्या सुट्टीत मी घरात शिरले आणि सरळ खुंटीवरच्या सदऱ्याचे खिसे उलटे केले. मग गादी झटकली. मग फडताळ.

"काय हुडकतीस?" आप्पांनी विचारलं.

"बिडी. कुठं ठेवता ते सांगा. मी तिकडं जीव काढून तुमच्यासाठी पाकिटं जमवते, आन् तुम्ही मला येड्यात काढताय!"

बापाशी असं बोलायला नको होतं. पण माझी जीभ आधी चालते, अक्कल मागून येते. आप्पा रागावले नाहीत. त्यांचा चेहरा पडला फक्त. मग म्हणाले, "बिडीला हात लावला आसंल तर माझा हात झडंल. तुझ्याच सिगरेटी वढतोय. आन् त्यांचं म्हनशील, तर तुला एक दावायचंच राह्यलं. तुझ्या साह्यबाला सांग. तुमच्या मालात डिफेक हाय."

त्यांनी उशाखालून पाकीट काढलं. एक सिगारेट माझ्या तळहातावर ठेवली. फिल्टरच्या मधोमध सेलोटेपची अरुंद पट्टी गोल गुंडाळलेली होती. कडेला कडा बरोबर जुळवलेली, एक सुरकुती नाही.

"पयली सिगरेट वढली तवाच कळलं," आप्पा सांगत होते, आणि किती दिवसांनी त्यांच्या आवाजात नोकरीतली ऐट आली होती. "वढ सैल. झुरका मारतोय पर लागत न्हाई. म्हनलं, कुठंतरी वारा शिरतोय. बल्बाम्होरं धरली, तर ही भोकाची रांग! गाडीच्या पाइपाला आसली गळती आसती तर गाडी यार्डातच हुबी ऱ्हायली आसती. मंग सेलोटेप लावला. आता कशी झक्कास वढ हाय! शेजारच्या मच्छिंद्रालाबी करून दिल्या चार."

मी ती सिगारेट बल्बसमोर धरली. सहा महिने. दिवसाला दहा. प्रत्येक सिगारेटची सगळी भोकं माझ्या बापानं स्वतःच्या हातानं, चोख काम करून बुजवली होती.

"आप्पा," मी कशीबशी म्हणाले, "ती गळती न्हाई. ती भोकं मुद्दाम पाडलीत. त्यांच्यामुळंच तर तीन येतं."

आप्पा हसले. "गळती कोन मुद्दाम ठिवतं का, राजू? कायतरीच."

पस्तीस वर्षांच्या फिटरला हे तोंडी सांगून पटणार नव्हतं. मी त्यांच्याकडून चार सिगारेटी मागून घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये कुणाला न विचारता मशीनला लावल्या. शेजारी चार बिनपट्टीच्या लावल्या. मशीननं दोन्हींचे झुरके सारखेच मारले. चकत्या काढल्या तेव्हा वजन करायचीसुद्धा गरज नव्हती. एकीकडची फिकट चहासारखी, आणि आप्पांची काकवी. तरी केलं वजन. तीन, आणि बारा.

आमचे लॅबचे साहेब, विनोद सर, मागं येऊन उभे होते. मी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, त्यांनाही धक्का बसेल. त्यांनी चकतीकडं बघितलं आणि म्हणाले, "सेलोटेप! हुशार आहेत तुझे वडील. पण अगं, टेप नसता लावला तरी फार फरक नव्हता. मशीन फिल्टर अगदी टोकाला धरतं. माणूस कुठं धरतो?"

"कुठं?"

"धरून बघ की."

मी जन्मात सिगारेट हातात धरली होती ती फक्त मशीनला लावायला. आता बिनपट्टीची एक घेतली, आप्पा धरतात तशी दोन बोटांत धरली, न पेटवता ओठांत ठेवली. मग तशीच खिडकीच्या उजेडाला नेली. अर्धी भोकं बोटांखाली गेली होती. आणखी थोडी ओठांत सरकवली असती तर उरलेलीही गेली असती.

"आणि माणूस मिनिटाला एकच झुरका घेत नाही," विनोद सर म्हणाले. "धूर पातळ लागला की जोरात ओढतो, जास्त वेळा ओढतो. हे सगळ्यांनाच माहीत आहे, राजश्री."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला, सर? मला तर माहीत नव्हतं! दोन वर्षं मी ही भोकं मोजतेय!"

"तुझं काम भोकं मोजायचं आहे," ते म्हणाले. आवाजात दुष्टपणा नव्हता, त्यानंच मी जास्त हादरले. माणूस पावसापाण्याचं बोलतो तसं बोलून ते जेवायला गेले. मी दोन्हींतली एकेक चकती डबीत घातली, अर्धी रजा टाकली आणि मिळेल ती एसटी पकडली. वाटेत काय होतं, कोण चढलं, कोण उतरलं, मला काही आठवत नाही. तीन आणि बारा, एवढंच डोक्यात वाजत होतं.

आप्पा दारात खाट टाकून बसले होते. मी डबी उघडून दोन्ही चकत्या त्यांच्या हातात दिल्या. कुठली कुठली ते सांगितलं. बोटांचं, ओठांचं, झुरक्यांचं सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही उजेडाला धरल्या. गेजचा काटा बघायचे तसे डोळे बारीक करून बघितल्या. या वेळी ते हसले नाहीत.

"म्हंजी भोकं मशीनीसाठी हायती," ते हळूच म्हणाले. "मानसासाठी न्हाईत."

"व्हय, आप्पा."

"आन् ही काळी माझ्या छातीत बसली. रोज धा."

मी मान हलवली. मग बोलले, कारण आता बोलायला मलाच हवं होतं, "पर आप्पा, बिडीपेक्षा तर... बिडी तर तुम्ही वढतच व्हता ना. बिडी चालूच राह्यली आसती तर..."

"सांगा की आता तिला," आई घरातून म्हणाली.

"गप गं."

"सा म्हैनं गप हाय मी." आई बाहेर आली. पिठाचे हात तसेच होते. "डाक्टरनं सांगितलं त्याच दिशी ह्यांनी बिड्यांचा आख्खा पुडा चुलीत घातला, राजू. माझ्या म्होरं. रातच्याला घाम यायचा, हात कापायचं, पर एक झुरका न्हाई घेतला. अकरा दिस. बाराव्या दिशी तू आलीस पाकिटं घिऊन."

मी आप्पांकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते.

"तू एवढी शिकलेली," ते म्हणाले. "रोज मोजतीस म्हनलीस. मला वाटलं, चालत आसंल."

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. बाप सुटला होता. माझा बाप सुटला होता, आणि मी वीसेक कोसांवरून एसटीनं येऊन त्याला पुन्हा बांधलं होतं, स्वतःच्या हुशारीच्या दोरीनं.

आप्पांना खोकल्याची उबळ आली. ती थांबायला बराच वेळ गेला. आईनं पाठीवर हात फिरवला, पाणी दिलं. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पाकीट काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"तूच आणलं व्हतंस," ते म्हणाले. "तूच ने."

पाकिटात सात शिल्लक होत्या. सातांवरही सेलोटेप व्यवस्थित गुंडाळलेला होता, एकाचंही टोक सुटलेलं नव्हतं.