शून्य पुसू नका

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पाटी आहे. माझ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं आहे, 'अपघाताविना गेलेले दिवस', आणि त्याखाली आहे एक भलं मोठं शून्य. पाहुणे ते बघून हसतात. खुशाल हसा! मला त्याची लाज वाटत नाही.

माझा जन्म अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर, डब्यांत मासळी भरायच्या कारखान्यात झाला. मासळीच्या खोक्याचं झाकण तासून सुताराने मला घडवलं. तासताना त्याच्या अंगठ्यात लाकडाची बारीक कपची घुसली. त्याने ती दातांनी उपटली, रक्त विजारीला पुसलं आणि माझ्यावर ऐटीत 'एक' लिहिला. म्हणजे माझ्या अंगावरचा पहिलाच आकडा खोटा होता.

मला बायकांच्या लांबलचक टेबलासमोर टांगलं. बोटी मासळी घेऊन आल्या की भोंगा वाजे आणि गावातल्या बायका हातातलं काम टाकून धावत येत. कामाला बसण्याआधी प्रत्येक बाई दहाही बोटांना कापडी चिकटपट्टी गुंडाळी. मग कात्रीने हेरिंग माशांची डोकी-शेपट्या उडवायच्या आणि मासे डब्यात रचायचे. हात कसे भराभरा चालत! पट्टी बोटांना वाचवायची खरी, पण तिच्याखाली काय लपलं आहे ते कुणालाच दिसत नसे.

एका उन्हाळ्यात मुकादम एलवुडने जाहीर केलं, "शंभर दिवस भरले की सणाच्या जेवणाला प्रत्येकीला एक अख्खी टर्की कोंबडी! पण मध्ये कुणाला लागलं आणि शून्य झालं तर सगळ्यांचीच गेली. मग माझ्या नावाने बोटं मोडू नका."

तेव्हापासून माझे लाड सुरू झाले. रोज सकाळी आकडा वाढला की टाळ्या पडत. मी मात्र वरून सगळं बघत होते. ओल्या फरशीवर कुणी आपटे आणि हसत उठे. वाफेने कुणाचं मनगट भाजे, ती बाही खाली ओढून घेई. कुणी ब्र काढत नव्हतं.

शहाण्णवाव्या दिवशी आर्लीनच्या मधल्या बोटात कात्री घुसली. आर्लीन म्हणजे ब्यूलाची सून, आणि ब्यूला म्हणजे त्या टेबलावरची सगळ्यांत चपळ बाई. दोघी शेजारी शेजारी बसत.

"अगं, गुंडाळ पटकन!" ब्यूला पुटपुटली. "चारच दिवस राहिलेत. इतक्याशाने कुणी मरत नाही."

आर्लीनने गुंडाळलं. मला ओरडावंसं वाटलं, पण पाटीला तोंड कुठलं!

अठ्ठ्याण्णवाव्या दिवशी आर्लीनच्या हातून कात्री पडली.

"काय झालं गं?"

"काही नाही, मा."

ब्यूलाने तिचा हात ओढला आणि पट्टी उलगडली. बोट काळंनिळं पडून टम्म फुगलं होतं आणि एक लाल रेघ थेट मनगटापर्यंत चढली होती. ब्यूलाचा चेहरा पांढराफटक पडला. "मीच गुंडाळायला लावलं," ती म्हणाली, आणि तरातरा माझ्याकडे आली. कमरेला बांधलेल्या मळक्या एप्रनने तिने माझे अठ्ठ्याण्णव पुसून टाकले आणि खडू मोडेल इतक्या जोराने शून्य काढलं.

"ब्यूला, दोनच दिवस राहिले होते गं!" एलवुड कळवळला.

"तुझी टर्की घाल चुलीत! आधी गाडी काढ. पोरीला डॉक्टरकडे न्यायचंय."

बायकांनी कात्र्या खाली ठेवल्या. मग टेबलाच्या टोकाला बसलेल्या थेल्माने हळूच झगा वर केला. "माझा गुडघा. मंगळवारी जिन्यावरून पडले."

"माझा अंगठा. तीन आठवडे झाले," दुसरी म्हणाली.

टेबलभर पट्ट्या सुटू लागल्या. एलवुड एकेक हात बघत गेला आणि शेवटी खाली मान घालून गाडीची किल्ली घ्यायला गेला.

आर्लीनचं बोट वाचलं, पण कायमचं वाकडं राहिलं. सणाला कुणालाच टर्की मिळाली नाही. त्या बायकांनी मात्र नंतर एकही जखम लपवली नाही, आणि माझ्यावर वारंवार शून्य आलं. एलवुड कुरकुरला, पण जिन्याला कठडा बसवला आणि भिंतीवर औषधांची पेटी लावली.

कारखाना बंद झाला तेव्हा ब्यूलाने मला घरी आणलं आणि बोटीच्या रंगाने हे शून्य पक्कं करून टाकलं. आता मी आर्लीनच्या स्वयंपाकघरात आहे. नातवंडं गुडघे फोडून येतात आणि "काही नाही झालं" म्हणतात. मग आर्लीन वाकड्या बोटाने माझ्यावर टकटक करते.

मित्रांनो, लागलं तर सांगा. मोठ्याने सांगा. कुणाचा आकडा बिघडला तर बिघडू द्या.