उ उत्तराचा

मित्रांनो, मी जुनं आहे हे मान्य, पण मोडीत काढण्याइतकं नाही. मी एक पितळी होकायंत्र आहे. झाकणाला दोन पोचे आहेत, काचेवर एक चरा आहे आणि एवढं असूनही माझी सुई आजवर खोटं बोललेली नाही. तुमच्या फोनबद्दल मला वाईट बोलायचं नाही. फक्त एवढंच सांगते, की मला कधी चार्जिंगला लावावं लागलं नाही.

माझा जन्म तीस वर्षांपूर्वी पुण्याजवळ भोसरीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. रविकांत नावाच्या कारागिरांनी मुलांच्या गिर्यारोहण शिबिरासाठी आम्हा बाराजणांना घडवलं. माझी सुई त्यांनी टोकदार खिळीवर अशी तोलली, की नुसता श्वास लागला तरी ती थरथरायची. आणि तबकडीवर त्यांनी इंग्रजी अक्षरं नाही कोरली. उ, पू, द, प अशी आपली देवनागरी अक्षरं कोरली. ज्याला वाट शोधायची आहे त्याला निदान अक्षर तरी ओळखीचं असावं, असं त्यांचं म्हणणं होतं. अशी अक्षरं मिरवणारं दुसरं होकायंत्र मी अजून पाहिलेलं नाही, आणि हे सांगताना मला जराही संकोच वाटत नाही.

त्या शिबिरात पद्माकर नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाने मला हातात धरून नऊ मुलांना धुक्यातून कड्याच्या काठावरून सुखरूप खाली आणलं. बक्षीस म्हणून मी कायमचं त्याचं झाले. पुढची बारा-तेरा वर्षं आम्ही दोघांनी किती गड पालथे घातले, त्याची मोजदाद नाही. मग पद्माकरला आयर्लंडमध्ये कॉर्क शहरातल्या औषधांच्या कारखान्यात नोकरी लागली. त्याची बायको संध्या, दोन बॅगा आणि एका मोज्यात गुंडाळलेलं मी, असे आम्ही इकडे आलो.

इथे आल्यावर पहिल्याच सकाळी त्याने मोठ्या कौतुकाने माझं झाकण उघडलं आणि माझी फजिती झाली. माझ्या सुईने मान टाकली. तिचं उत्तरेचं टोक खाली झुकून तबकडीला टेकलं आणि जागचं हलेना. मित्रांनो, यात माझा दोष नव्हता. पृथ्वीचं चुंबक सुईला नुसतं उत्तरेला ओढत नाही, ते तिला जमिनीकडेही ओढतं, आणि जसजसं उत्तरेकडे जावं तसतशी ही खालची ओढ वाढते. मी पुण्याच्या ओढीला तोललेलं होते. पद्माकरला ते ठाऊक नव्हतं. 'बिघडलं बिचारं,' असं म्हणून त्याने मला स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये टाकलं. इकडे कपाटाला प्रेस म्हणतात. तिथे रबरबँड, संपलेले सेल आणि कुठल्या तरी हरवलेल्या कुलपाच्या किल्ल्या यांच्या संगतीत मी पंधरा वर्षं काढली. मला राग यायचा आणि रडूही यायचं.

मला तिथून बाहेर काढलं ते ज्ञानदाने. ही पद्माकरची मुलगी, इथेच जन्मलेली. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. टॉर्चसाठी सेल शोधताना मी तिच्या हाताला लागले. मान टाकलेली सुई पाहून तिने बाबाला विचारलं, की ही एवढी दुःखी का आहे. आता त्या प्रश्नाचं उत्तर शोधणं पद्माकरला भाग पडलं. त्याने वाचलं, समजून घेतलं आणि मग माझी काच उघडून सुईच्या दक्षिण बाजूला केसाइतकी बारीक तांब्याची तार गुंडाळली. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा माझी मान ताठ झाली. ती तार एका फोनच्या जुन्या चार्जरमधून काढलेली होती. मघाशी मी चार्जिंगवरून बोलले खरं, पण हेही कबूल केलं पाहिजे.

गेल्या सप्टेंबरात बाप-लेक मला घेऊन वाइल्ड नेफिनला निघाले. मेयो परगण्यातला हा ओसाड प्रदेश सरकारने मुद्दाम रानच ठेवला आहे. आम्ही गेलो त्या भागात ना पायवाट, ना पाटी. मैलोन् मैल ओली काळी माती, तपकिरी गवत आणि त्यावर उतरणारे ढग. पद्माकरने दोन रात्री तिथे तंबूत राहायचं ठरवलं होतं. त्याचा एक नियमही होता. कॅम्पवर फक्त मराठी बोलायचं. ज्ञानदाला मराठी सगळं कळायचं, पण ती बोलायची इंग्रजीत, तेही अस्सल कॉर्कच्या हेलात. त्यामुळे पद्माकरचं घरात दिवसातून दहा वेळा चालायचं, 'मराठीत उत्तर दे.' हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे त्यानेच घात केला.

जंगलखात्याचा खडीचा रस्ता संपतो तिथे नोएल नावाच्या मेंढपाळाचं घर आहे. त्याच्या अंगणात आम्ही गाडी लावली. नोएलने मला उचलून निरखलं, माझी अक्षरं न्याहाळली आणि म्हणाला, 'ग्रँड.' मी फुलून गेले. इतक्या वर्षांनी कोणीतरी मला शाही म्हणालं होतं. नंतर तो चहाला ग्रँड म्हणाला, पावसाला ग्रँड म्हणाला आणि गाडीच्या पंक्चर चाकालाही ग्रँड म्हणाला, तेव्हा कळलं, की इकडे त्याचा अर्थ 'ठीक आहे' एवढाच असतो. असो.

ते दोन दिवस मात्र खरोखर शाही होते. पद्माकरने ज्ञानदाला माझ्यावरून चालायला शिकवलं. माझी सुई स्थिर होऊ द्यायची, त्या रेषेतला एखादा दगड हेरायचा, तिथपर्यंत जायचं, मग पुढचा दगड. वाटेत काही आडवं आलं तर चौकोनी वळसा घालायचा. म्हणजे बाजूला जितकी पावलं टाकली तितकीच पलीकडे गेल्यावर परत घ्यायची. दगड ती हेरायची, माझी तबकडी वाचायचं काम बाबाकडे असायचं. संध्याकाळी ओढ्यावर पाणमांजर मासा खाताना दिसलं. ससे तर इतके, की तिने मोजणं सोडून दिलं. समोरच्या उतारावर लाल हरणांचा कळप होता आणि त्यातला मोठा नर मान वर करून असा हंबरायचा, की माझी काच झणझणायची. मुगाची खिचडी खाता खाता दोघं ते ऐकत बसायचे. चिलटांनी दोघांनाही फोडून काढलं, पण परत फिरायचं नाव कोणी काढलं नाही.

रविवारी सकाळी तंबू आवरला आणि धुकं उतरलं. दहा पावलांपलीकडचं दिसेना. निघून पाच मिनिटंही झाली नव्हती, तेवढ्यात पद्माकरचा पाय गवताखालच्या खड्ड्यात मांडीपर्यंत गेला आणि घोट्यात कट् असा आवाज झाला. ज्ञानदाने त्याला ओढून बाहेर काढलं, पण तो उभा राहू शकेना. कमरेपर्यंत भिजला होता, खिशातला फोनही भिजून बंद पडला होता. थंडीने त्याचे दात वाजायला लागले. तिने त्याला झोपायच्या पिशवीत घातलं आणि वरून तंबूचं कापड पांघरलं. खडीचा रस्ता तिथून सरळ उत्तरेला दोन किलोमीटरवर होता. तिथून उजवीकडे वळलं की नोएलचं घर. किती लांब जायचं आणि कुठे वळायचं, एवढं त्याने तिला समजावलं. मदत वेळेत आली नसती, तर त्या ओल्या गारठ्यात त्याचं काय झालं असतं हे दोघांनाही कळत होतं. त्याने मला तिच्या गळ्यात घातलं, धुक्यात हात केला आणि कळ सोसत म्हणाला,

"रस्ता तिकडे आहे. काही झालं तरी उत्तर सोडायचं नाही. रस्ता लागेपर्यंत उत्तर."

"ग्रँड, बाबा. आय वोंट स्टॉप," ती म्हणाली आणि निघाली.

आणि मित्रांनो, तिने माझं झाकणच उघडलं नाही. मी तिच्या गळ्यात हेलकावे खात राहिले. मला काही उमजेना. तिला धीर यावा म्हणून पद्माकर मागून हाक मारायचा, 'ज्ञानदा!' की ही लगेच ओरडायची, 'हिअर, बाबा!' हाक क्षीण झाली की ती घाबरून मागे यायची, पुन्हा नीट ऐकू येईल इतकी. पुन्हा हाक, पुन्हा ओ. दलदलीत एक जुनाट काळा ओंडका वर आलेला होता. त्याच्यापाशी आम्ही तिसऱ्यांदा आलो तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बिचारीला उत्तर हा शब्द एकाच अर्थाने माहीत होता. बाबाने सांगितलं होतं, उत्तर सोडायचं नाही, म्हणून ती जीव तोडून उत्तर देत होती. इतक्या आज्ञाधारकपणे कोणी वाट चुकलेलं मी पाहिलं नाही. मी तिच्या छातीवर आपटून आपटून सांगत होते, पण मला आवाज कुठला?

मग एकदा हाक आलीच नाही. तिने बाबाला साद घातली, पण धुक्यातून काही आलं नाही. ती ओंडक्यावर बसली, रडायला लागली आणि काहीतरी घट्ट धरावं म्हणून तिने मला मुठीत धरलं. अंगठा लागून माझं झाकण उघडलं.

तिची नजर माझ्या तबकडीवरच्या अक्षरांवर गेली. कॉर्कमध्ये दर रविवारी विद्याताई मुलांना मराठी शिकवतात. त्यांच्या वर्गात ज्ञानदाने 'उ उखळाचा' पन्नास वेळा गिरवला होता. उखळ तिने जन्मात पाहिलं नव्हतं, पण अक्षर ओळखीचं होतं. बाबा करायचा तसं तिने मला हळूहळू फिरवलं आणि सुई थरथरत थरथरत त्या अक्षरावर येऊन थांबली. ती स्वतःशीच पुटपुटली, "उ… उत्तर." आणि मग अगदी हळू, "ओह, बाबा. यू मेंट नॉर्थ."

आता उत्तर द्यायचं सोडून उत्तरेला जायचं होतं. म्हणजे बाबाच्या आवाजापासून मुद्दाम लांब जायचं होतं. तिने एकदा मागे पाहिलं, डोळे पुसले आणि दगड हेरला. मग पुढचा दगड. तिच्या तळहातावर मी असं स्थिर राहिले, की रविकांतांनी पाहायला हवं होतं. अर्ध्या वाटेवर धुक्यातून तो शिंगांचा मोठा नर समोर उभा ठाकला. माजाच्या या दिवसांत त्याच्या जवळ जाणं धोक्याचं. ती पळाली नाही. पूर्वेला साठ पावलं, उत्तरेला शंभर, पश्चिमेला साठ, असा चौकोनी वळसा घालून ती पुन्हा माझ्या रेषेवर आली. तासाभराने तिच्या बुटांखाली खडी करकरली. आयुष्यात इतका गोड आवाज मी ऐकलेला नाही.

नोएल अंगणातच होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि यावेळी ग्रँड म्हणाला नाही. त्याने फोन केला, आणि डोंगरातल्या बचाव पथकाची माणसं स्ट्रेचर घेऊन आली. त्यांच्याकडे नाना तऱ्हेची यंत्रं होती, पण पद्माकर नेमका कुठे आहे हे त्यांतल्या एकालाही माहीत नव्हतं. ते मला माहीत होतं. जिथे ती खडीला लागली होती तिथे येऊन ज्ञानदाने मला उघडलं, या वेळी सुईच्या तारेच्या टोकाकडे, 'द'कडे तोंड केलं आणि सात मोठी माणसं एका अकरा वर्षांच्या मुलीच्या मागोमाग चालायला लागली. काळा ओंडका आला. तिथे ती थांबली आणि धुक्यात ओरडली,

"बाबा, उत्तर दे!"

मग डावीकडून अगदी बारीक आवाज आला, "आहे गं. इथेच आहे."

पद्माकरचा घोटा मोडला होता, तो आता सांधला आहे. इस्पितळात ज्ञानदाने उत्तराचा घोटाळा सांगितला तेव्हा तो आधी पोट धरून हसला आणि नंतर तोंड फिरवून रडला. चूक माझीच, असं तो संध्याला म्हणाला. रोज पोरीकडे उत्तर मागत राहिलो, पण शब्द तिला अर्धाच दिला होता.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं एखादं मान टाकलेलं यंत्र असेल. त्याला बिघडलं म्हणण्याआधी ते कुठून आलंय आणि कशासाठी तोललेलं होतं, तेवढं विचारा. त्याला चुंबकांपासून लांब ठेवा. कधीतरी त्याचं झाकण उघडा. आणि ते लहान हातात द्याल, तेव्हा त्यावरची अक्षरंही नीट समजावून द्या.

मी आता प्रेसमध्ये नसते. दर रविवारी ज्ञानदाबरोबर विद्याताईंच्या वर्गात जाते आणि टेबलावर मान ताठ करून बसते. मुलं अक्षरं म्हणायला लागतात. उ उखळाचा येतो तेव्हा ज्ञानदा सगळ्यांपेक्षा मोठ्या आवाजात, माझ्याकडे बघत म्हणते, "उ उत्तराचा." विद्याताई तिला दुरुस्त करत नाहीत.