सातवीच्या दाराची शीळ

आमच्या कारखान्यातून आजवर सहा यानं वर गेली. माणसं नेणारी, अठरा खुर्च्यांची, साधी. त्यांना इथे कुणी क्रमांकाने ओळखत नाही. पहिली, दुसरी, तिसरी अशा त्या पोरीच. सहा सासरी गेल्या. त्या दिवशी सातवीची शेवटची चाचणी होती.

माझं काम दाराचं. चौकटीभोवती मनगटाएवढं जाड रबरी कडं असतं. दार लावून आत जरा जास्तीची हवा भरतात, आणि मी कानाला नळी लावून त्या कड्याभोवती वीत वीत सरकत ऐकते. यंत्रही ऐकतं, पण ते सगळ्या दाराचा मिळून एक आकडा सांगतं. बारीक शीळ त्या आकड्यात हरवते; ती नेमकी कुठे आहे, ते कानालाच कळतं.

हे काम गप्प राहून करायचं असतं आणि मला सकाळी बोलायचंच नसतं. उठल्यापासून दुपारी बाराच्या भोंग्यापर्यंत माझं मौन. लिहून दाखवणंही नाही. मुलगा जन्मला तेव्हा निळा पडला होता, तीन दिवस काचेच्या पेटीत. मी देवाला म्हटलं, ह्याचा श्वास चालू ठेव, माझ्या सकाळच्या वाणीवर मी पाणी सोडते. त्याने ठेवला. याला बावीस वर्षं झाली. सासरे गेले त्या सकाळीसुद्धा मी शब्द न काढता रडले.

जुने मुकादम हे सारं जाणून होते. छातीवर हात ठेवला की दार ठीक, पंजा वर केला की थांबा; ह्या खुणा आम्हा दोघांतच. दार ठीक निघालं की मी शेवटी पोरीला हात जोडते, त्यावरून सगळे थट्टा करायचे, "बाईंचा आशीर्वाद झाला, आता निघा!" जुने मुकादम गेल्या आठवड्यात निवृत्त झाले. नव्यांना आशीर्वादाची गोष्ट कुणीतरी सांगितली होती. पंज्याची सांगायची राहून गेली.

शेवटची चाचणी माणसं बसवून होते, कारण माणसांच्या वजनाने यान जरा बसतं आणि दारही. अठरा जणांत माझी धाकटी जाऊ होती. ती परिचारिका, वरच्या वस्तीच्या दवाखान्यात सहा महिन्यांसाठी चालली होती.

दारातच तिने मला मिठी मारली. "जाऊबाई, सहा महिने भांडायला कुणी नाही हं तुम्हाला. तसं सकाळचं भांडण एकतर्फीच असतं म्हणा!" मी डोळे वटारले. तिने हसत माझ्या डोक्यावरची कामाची टोपी उपटली. "हे पातेलं काढा आधी. जाताना तरी नीट बघू दे तोंड." मी तिला खुर्चीत बसवलं, वाकून तिचा पट्टा आवळला, तिच्या हातून टोपी ओढून डोक्यावर घातली आणि बाहेर आले.

दार लागलं. आत हवा भरली. मी नळी लावून वरून सुरुवात केली. वर काही नाही, उजवीकडे काही नाही. खाली बिजागरीपाशी आले आणि थांबले. दातांतून कुणी हवा ओढावी तशी शीळ. नळी काढली, पुन्हा लावली. होती.

मी पंजा वर केला.

कोठीच्या दाराशी नवे मुकादम उभे होते. कोठी म्हणजे जाड भिंतींची खोली. यान आत ठेवून तिच्यातली सगळी हवा पंपाने काढायची. त्यांनी माझा हात पाहिला, डोकं लववलं आणि म्हणाले, "झाला आशीर्वाद! चला, बाईंना बाहेर घ्या."

दोघांनी मला हळूच दंडाला धरून बाहेर आणलं. मी मान हलवत राहिले, पंजा दाखवत राहिले. कोठी बंद झाली. मी मुकादमांची बाही ओढली.

"जाऊ आहे ना तुमची आत? कळतं हो मला," ते अगदी हळू म्हणाले. "पण बोलू नका, बाई. माझ्यापायी तुमच्या व्रताला बाधा नको. माझी आईपण धरायची मौन." मग इतरांकडे वळून, "ए, बाईंना कुणी काही विचारू नका रे."

सगळ्यांनी आदराने माझ्याकडे पाठ केली.

पंप सुरू झाला. तो बंद करायची किल्ली मुकादमांच्या गळ्यात. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. कोठीच्या काचेतून यानाची खिडकी दिसत होती आणि खिडकीत जाऊ. तिने मला जीभ दाखवली. थोड्या वेळाने तिने एक हात कानावर दाबला. मग दुसरा. शेजारच्या म्हाताऱ्या माणसाने मान मागे टाकली होती.

तोंड उघडलं आणि काचेची पेटी डोळ्यांपुढे आली, तिच्यातली इवलीशी निळी बोटं. मी तोंड मिटलं. देवा, असं नको मागू. जाऊच्या नाकाखाली काहीतरी लाल दिसलं.

गळ्यातून आधी नुसती हवाच निघाली.

"थांबवा."

मुकादम दचकले. "बाई, तुमचं मौन..."

"मोडलं. दार गळतंय. किल्ली लावा!"

किल्ली दुसऱ्या खेपेला बसली. पंप थांबला. कोठीत हवा परत भरायला अकरा मिनिटं लागतात, घाई करता येत नाही.

अठराच्या अठरा जण बाहेर आले. कुणाचे कान दुखत होते, कुणाला धाप लागली होती. म्हाताऱ्याला दोघांनी धरलं होतं. मुकादमांनी चिमट्याने कड्यातून काहीतरी ओढलं आणि उजेडात धरलं. एक केस. लांब, पांढरा.

"कुणाचा हा?"

मी टोपी काढली. "माझा."

जाऊ नाकाला रुमाल लावून उभी होती. तिने केसाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. तिची थट्टा कुठल्या कुठे पळाली.

"तुम्ही बोललात?" ती पुटपुटली. "जाऊबाई, आधी त्याला फोन लावा."

मुलगा दूरच्या शहरात असतो. घंटी वाजत राहिली. चार. पाच. मी फोन कानावर इतका दाबला की कान दुखला. आठव्या घंटीला त्याने उचलला.

"हं, बोला काकू, आई ठीक आहे ना?"

सकाळी माझ्या फोनवरून काकूच बोलते, हे त्याला लहानपणापासून माहीत.

"मी आहे रे."

तिकडून घाबरा आवाज. "आई? तू? बारा कुठे वाजलेत अजून? कोण गेलं?"

"कुणी नाही. तू नुसता श्वास घे. मला ऐकू दे."

"अगं, काय झालंय तुला?" आणि तो खोकला. "काही नाही, सर्दी आहे जराशी. कालपासून."

मी डोळे मिटले आणि ऐकत राहिले. तो पुन्हा खोकला.