सुलेखाताईंचा गिझर

मित्रांनो, मी एक जुना गिझर आहे. सध्या सिंगापूरच्या पुंगोल भागातल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर खांबाला टेकून बसलो आहे. भंगारवाला आला की मी जाणार. येणारी-जाणारी मुलं माझ्या पोटावर टिचक्या मारतात आणि पोकळ आवाज ऐकून हसतात. हसू द्या. पण मनावर ओझं घेऊन भंगारात जायचं माझ्या जिवावर आलं आहे, म्हणून तुम्हाला माझी हकिगत सांगतो.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. पोलादी पत्र्याची टाकी, पोटात तापणारी कॉइल आणि अंगावर पांढराशुभ्र रंग. दुकानात आम्ही भावंडं रांगेने मांडलेली होतो. त्यातून सुलेखाताईंनी आपल्या नव्या फ्लॅटसाठी मला निवडलं. त्यांचे यजमान निशिकांतराव म्हणाले, "अगं, आधी पलंग तरी घेऊ." पण ताई कुठल्या ऐकायला! पुण्याहून इथे नवीन आल्या तेव्हा त्या दुसऱ्याच्या घरात एक खोली भाड्याने घेऊन राहत होत्या. तिथली घरमालकीण गिझर लावूच द्यायची नाही. तापातून उठल्यावरसुद्धा ताईंनी गार पाण्यानेच, रडत रडत, अंघोळ केली होती. दुकानातच त्यांनी हे सगळं सांगितलं. निशिकांतरावांनी पाकीट काढलं आणि पलंगाआधी मी घरात आलो.

काय दिवस होते ते! ताईंची लेक अवनी माझ्याच पाण्याने न्हाऊन मोठी झाली. ताई आधी स्वतःचं कोपर पाण्यात बुडवून बघायच्या आणि मगच तिला टबात बसवायच्या. पाहुणे म्हणायचे, "काय मस्त कढत पाणी आहे हो!" मी आतल्या आत फुगायचो.

पुढे ताईंची भरभराट झाली. ते सगळे इथलेच नागरिक झाले, समुद्राजवळ मरीन परेडला काँडो, म्हणजे महागडा खासगी फ्लॅट, घेऊन राहायला गेले. त्यांचा हा जुना फ्लॅट अनीश आणि वल्लरी या तरुण जोडप्याला भाड्याने दिला. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झालेली. "आपलीच माणसं आहेत, एजंट कशाला?" असं ताई म्हणाल्या. सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. वल्लरीला मुलगी झाली, तिचं नाव श्रिया. बाळंतपणासाठी वल्लरीची आई सविताताई नाशिकहून आल्या. माझं न्हाणीघर स्वयंपाकघराला लागूनच, त्यामुळे तिथलं सगळं बोलणं मला ऐकू यायचं.

आणि नेमकी त्याच सुमारास माझी कॉइल जळाली. मित्रांनो, त्यातही वाईट म्हणजे न्हाणीघराच्या दाराबाहेर बटणावरचा माझा लाल दिवा लागतच राहिला. काम काडीचं नाही आणि दिवा मिरवतोय! मला माझीच लाज वाटायची.

वल्लरीने ताईंना निरोप पाठवला, पुन्हा पाठवला, मग फोन केला. फोन ओट्यावर ठेवलेला, त्यामुळे ताईंचा आवाज मलाही ऐकू आला. "अगं, सिंगापूरला गरम पाणी कुणाला लागतं? इथे थंडी कुठे आहे? बघते सवडीने." मी हबकलोच. या त्याच सुलेखाताई का?

"करारात स्पष्ट लिहिलंय ना, गिझरची दुरुस्ती घरमालकाची म्हणून?" सविताताईंनी विचारलं.

"लिहिलंय गं आई. पण ओळखीने घर दिलंय त्यांनी. फार मागे लागलं आणि करार वाढवला नाही तर? बाळाला घेऊन कुठे घर शोधत फिरू?"

भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही. माय-लेकी पातेल्यात पाणी तापवू लागल्या. ओट्यापासून न्हाणीघरापर्यंत कढत पातेलं, फरशी ओली. एके सकाळी सविताताईंचा पाय घसरला. बाळ टबाशेजारी टॉवेलवर होतं. सविताताईंनी पातेलं कसंबसं स्वतःकडे वळवलं, आणि उकळतं पाणी त्यांच्या पावलावर सांडलं. मी वर भिंतीवर लटकलेला, पोटात गार पाणी भरलेला. मला काहीच करता आलं नाही.

पुढच्या रविवारी सुलेखाताई बाळ बघायला आल्या. बरोबर आता कॉलेजात जाणारी अवनी, हातात सुंदर झबलं. सविताताई नवी साडी नेसून बसल्या होत्या. त्यांनी पावलावर काठ ओढून घेतला आणि म्हणाल्या, "चहा टाकायला सांगते हं."

अवनी हात धुवायला न्हाणीघरात आली. तिने सवयीने माझा नळ सोडला आणि इथल्या मुलांच्या इंग्रजीत ओरडली, "ममा, धिस हीटर नॉट वर्किंग लाह! सो कोल्ड!"

 बाहेरून वल्लरी घाईघाईने म्हणाली, "अगं, आज सकाळीच बंद पडला बघ. मी कळवणारच होते ताईंना."

सुलेखाताईंना लेकीसमोर ओशाळं वाटू नये म्हणून पोर धडधडीत खोटं बोलली. ते खोटं आहे हे अवनी सोडून बाकी तिघींनाही ठाऊक होतं.

सुलेखाताई उठून न्हाणीघरात आल्या आणि दार लावून घेतलं. त्यांनी माझ्या नळाखाली कोपर धरलं, अवनी लहान असताना धरायच्या तसंच. पाणी वाहत राहिलं आणि ताई रडत राहिल्या. त्यांना कशाची आठवण झाली, ते मला सांगायची गरज नव्हती.

बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "आज नाही बिघडला तो, वल्लरी. तू मला कितीदा सांगितलंस. मीच..." बोलता बोलता त्यांची नजर खाली गेली. चहाचा कप घ्यायला सविताताई पुढे वाकल्या होत्या आणि काठ सरकला होता. पट्टी बांधलेलं पाऊल दिसलं.

"हे पाण्यानेच ना?"

"जाऊ द्या हो, बरं होतंय."

"असं जाऊ देऊ नका," ताई म्हणाल्या आणि त्यांच्या पायाशी बसल्या. "माझ्यावर रागवा. मी याच पाण्यासाठी रडले होते एके काळी." सविताताई रागावल्या नाहीत. ताईंना तेच जास्त लागलं असावं.

दुसऱ्याच दिवशी मला उतरवून नवा गिझर बसवला. बाळाची अंघोळ होईपर्यंत ताई हलल्या नाहीत. मग लिफ्टने मला स्वतः खाली घेऊन आल्या, खांबाशी टेकवलं आणि माझ्या गंजक्या पोटावर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. माझ्यावर त्यांचा राग नव्हता.

मित्रांनो, उद्या तुमची घरं होतील, कुणी त्यात भाड्याने राहील. घर दिलं म्हणजे उपकार केले असं समजू नका. त्यातला नळ, दिवा, गिझर नीट चालणं हे तुमचंच काम. आणि भाड्याने राहाल तेव्हा हक्काचं मागायला लाजू नका. पण एवढं एक विसरू नका. तक्रार आली नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं नसतं. कधी कधी समोरचं माणूस भाजल्या पावलावर साडीचा काठ ओढून, हसत हसत तुम्हाला चहा विचारत असतं.