चौदाव्या पानावरचे चार रस्ते

मी चौसष्ट पानांची एक जुनी नियमपुस्तिका आहे, आणि मित्रांनो, मी फार रागावलेली आहे. पुस्तकांनी शांत असावे म्हणतात. म्हणोत बापडे. नऊ वर्षे टेबलाच्या पायाखाली काढा आणि मग मला शांतपणा शिकवायला या.

माझा जन्म शिक्षण खात्याच्या एका बैठकीच्या खोलीत झाला. सात माणसे मला लिहायला दीड वर्ष भांडत होती. त्यांत एक निवृत्त विज्ञान शिक्षिका होत्या. त्या एकदा टेबलावर हात आपटून म्हणाल्या, "माझ्या वर्गात ज्या मुलांनी रेडिओ उघडून दुरुस्त करून दाखवले, त्यातली निम्मी शेवटच्या परीक्षेत नापास झाली. त्यांना काय येत नव्हतं, ते मला अजून कळलेलं नाही!" त्यांच्या हट्टामुळे माझे चौदावे पान लिहिले गेले.

त्या पानावर शाळा पूर्ण करण्याचे चार रस्ते आहेत. पहिला सगळ्यांना ठाऊक आहे. सहाही विषयांची लेखी परीक्षा एका दमात द्यायची. दुसऱ्या रस्त्याने विषय थोडे थोडे करून सोडवता येतात, आणि एकदा सुटलेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. तिसऱ्यात वर्षभर केलेल्या प्रयोगांची आणि लेखनाची फाईल बाहेरच्या परीक्षकांना दाखवायची असते. चौथ्यात एखाद्या कारागिराच्या हाताखाली सहाशे तास काम करायचे, रोजची वही ठेवायची आणि परीक्षकांसमोर काम करून दाखवायचे. भाषा आणि गणितही तेव्हाच तोंडी विचारतात. चारही रस्त्यांच्या शेवटी मिळणारे प्रमाणपत्र एकच. खाली अट आहे: नाव शाळेच्या पटावर हवे, आणि अर्ज वयाची एकवीस वर्षे पूर्ण होण्याआधी आला पाहिजे.

छापखान्यातून निघाले तेव्हा मला केवढा आनंद झाला होता! वाटले, आता मुले माझ्यावर तुटून पडतील.

मी एका शाळेत पोचले. तिथल्या मुख्याध्यापकांनी, म्हणजे मोठ्या सरांनी, मला उभ्या उभ्या चाळले. चौदाव्या पानाशी ते थांबले. कार्यालयातल्या लिपिकाला सगळे भाऊसाहेब म्हणत. मोठे सर त्यांना म्हणाले, "हे मुलांच्या हाती लागलं तर आपलं काही खरं नाही. कुणाच्या वह्या तपासा, कुणाच्या दुकानात चकरा मारा. इथं परीक्षा एके परीक्षा. कळलं?"

"कळलं, सर," भाऊसाहेब म्हणाले. त्यांचे झेरॉक्सच्या यंत्राचे टेबल एका पायाने आखूड होते. त्यांनी मला त्याच उघड्या पानावर दुमडले आणि त्या पायाखाली सारले. यंत्र डुगडुगायचे थांबले. मोठे सर म्हणाले, "बघा, कामाला आली की नाही!" आणि दोघेही हसले.

ते हसणे मी विसरलेले नाही.

त्या टेबलाच्या बाजूलाच खिडकी होती. मुले तिथे येत, विचारत आणि परत जात. एक उंच, हसरा मुलगा होता. तो पहिल्या वर्षी फक्त विज्ञानात राहिला. भाऊसाहेबांनी त्याला सहाच्या सहा विषयांना पुन्हा बसवले. त्या वर्षी विज्ञान सुटले आणि भूगोल राहिला. त्याने खिडकीशी येऊन विचारले, "भूगोल तर माझा मागच्या वर्षी सुटलाय ना?"

"तसं चालत नाही रे बाबा. सगळे एकदम सुटले पाहिजेत."

मित्रांनो, चालत होते! दोन वर्षांत मिळून त्याचे सहाही विषय सुटले होते. दुसऱ्या रस्त्याने त्या पोराची शाळा त्याच क्षणी पूर्ण झालेली होती. उरला होता फक्त एक अर्ज. त्याच्या बुटांपासून हातभर अंतरावर मी पडले होते, आणि मला तोंड नव्हते. तो गेला आणि सामान पोचवणारी गाडी चालवू लागला.

त्याला एक धाकटी बहीण होती. ती मामाच्या चष्म्याच्या दुकानात भिंगे घासायची, म्हणून वर्गात तिचे नाव पडले भिंगरी. तिची नजर स्वच्छ होती, पण कागदावरची अक्षरे तिच्यापुढे जागा बदलायची. एक ओळ वाचायला तिला इतरांच्या तिप्पट वेळ लागे. घरात चष्म्याचे दुकान आणि पोरीला वाचता येत नाही, अशी चेष्टा शिक्षकसुद्धा करत. तीन तासांत तिची अर्धी प्रश्नपत्रिकाही वाचून होत नसे. ती दोनदा नापास झाली.

मग एका सकाळी ती मामांना घेऊन खिडकीशी आली. तिला शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. दाखला हातात पडला की पटावरचे नाव कमी होते, आणि मग चारही रस्ते बंद. भाऊसाहेबांनी दाखल्याचे पुस्तक उघडून तिचे नाव लिहायला घेतले.

त्याच सकाळी सुतार आला होता. त्याने टेबलाचा पाय नीट केला, मला बाहेर ओढले आणि रद्दीच्या ढिगावर भिरकावले. ढीग खिडकीच्या बाहेरच होता. मी तिच्या पायाशी पडले, नेमकी त्या दुमडीवर, चौदाव्या पानाशी उघडी.

भिंगरीने मला उचलले. ओळीखाली बोट ठेवून ती हळूहळू, मोठ्याने वाचू लागली. "का... रा... गिराच्या... हाताखाली..." मामा म्हणाले, "अगं, ठेव ते." ती थांबली नाही. एकेक अक्षर धरून, मागे जाऊन, पुन्हा पुढे येऊन तिने अख्खा चौथा रस्ता वाचून काढला. नऊ वर्षांत त्या शाळेत ते पान पूर्ण वाचणारी ती पहिली होती.

"भाऊसाहेब, लेखणी थांबवा," ती म्हणाली. "हे काय आहे?"

भाऊसाहेबांनी मान वर केली आणि त्यांचा चेहरा उतरला. "ते जुनं आहे. रद्द झालंय."

"कुठल्या कागदानं? तो कागद दाखवा."

"तू मला शिकवणार का?"

आता मामा पुढे झाले. एरवी ते गिऱ्हाइकाशीही हळू बोलत. "ती नाही, मी विचारतो. तीन वर्षं ही पोर माझ्याकडे रोज चार तास भिंगं घासतेय. सहाशे तास कधीच उलटून गेलेत. तुम्ही मला एका शब्दानं सांगितलं असतं, तर वही मी स्वतः शिवून दिली असती!"

आवाज ऐकून मोठे सर बाहेर आले. त्यांनी मला पाहिले आणि हात पुढे केला. "आण इकडे ते पुस्तक."

भिंगरीने मला पाठीमागे धरले. "आधी चौदाव्या पानाची झेरॉक्स द्या. मग देते."

यंत्र शेजारीच होते. खिडकीपाशी आता पाच-सहा मुले आणि त्यांचे पालक जमले होते. मोठ्या सरांनी त्यांच्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, "द्या हो भाऊसाहेब." त्या दिवशी त्या पानाच्या अठ्ठावीस प्रती निघाल्या.

भिंगरीने सगळे नियमाने केले. वही ठेवली, सहाशे तास नव्याने मोजून दिले. परीक्षेला बाहेरून गणिताच्या एक बाई आल्या. नियम समोर हवा म्हणून त्यांनी मला टेबलावर मागवून घेतले. त्यांनी आपल्याच डोळ्यांवरचा चष्मा काढून तिच्या हातात दिला.

"यात काही चुकलंय का सांग."

तिने चष्मा दुकानातून आणलेल्या नंबर तपासायच्या यंत्राखाली धरला, पट्टीने बाईंच्या डोळ्यांमधले अंतर मोजले. "भिंगांचे मध्यबिंदू तीन मिलिमीटर लांब पडलेत, बाई. संध्याकाळपर्यंत तुमचं डोकं दुखत असेल."

बाईंनी कपाळ चोळले. "दोन वर्षं दुखतंय," त्या म्हणाल्या. मग त्यांनी चष्म्याचा नंबर उलटवायला, म्हणजे तोच नंबर दुसऱ्या पद्धतीने मांडायला सांगितला, अधिक-वजाच्या हिशेबांसकट. कागदावर जे गणित भिंगरीला दोनदा बुडवून गेले होते, ते तिने तोंडी, काच पुसता पुसता केले. ती पास झाली. चांगली पास झाली.

निकालाच्या दिवशी तिचा दादा गाडी बाहेर लावून आला होता. तिच्या पाठीवर थाप मारून तो इतका हसला की मला तोच जुना मुलगा दिसला. मग त्याने मला हातात घेतले आणि दुसरा रस्ता वाचला. नंतर खालची वयाची अट वाचली. तो तेवीस वर्षांचा होता.

"भाऊसाहेब," तो म्हणाला, "म्हणजे मी तेव्हाच पास होतो?"

"अरे, तेव्हा लक्षात आलं नाही. माणूस आहे, चुकतो."

दादा ओरडला नाही. त्याने दोनदा पान पालथे घालून पाहिले, जणू मागे आणखी काही लिहिले असेल. मग मला खिडकीत ठेवून तो गाडीकडे गेला. भिंगरी प्रमाणपत्र हातात धरून तशीच उभी राहिली. तिच्या आनंदातला अर्धा वाटा त्या दोन साहेबांनी खाल्ला, असे मी म्हणते, आणि ते मी कधीच मागे घेणार नाही.

पुढचे ऐकाल तर तुमचेही रक्त तापेल. खात्याकडून तपासणीला अधिकारी आले. "मुलांना नवे रस्ते दाखवणारी शाळा" म्हणून मोठ्या सरांचा शाल देऊन सत्कार झाला. भाषणात त्यांनी माझे कौतुक केले. मला काचेच्या कपाटात, मखमलीवर, उभे करून ठेवले आणि कपाटाला कुलूप घातले. येणारे-जाणारे काचेतून माझे मुखपृष्ठ बघतात आणि छान म्हणतात. चौदावे पान कुणालाच दिसत नाही.

मित्रांनो, मला मखमल नको. खिडकीमागचा माणूस जेव्हा म्हणेल, "तसं चालत नाही," तेव्हा मान खाली घालून परत फिरू नका. कुठे लिहिले आहे ते विचारा. स्वतः वाचा. वाचायला वेळ लागला तर लागू द्या, मागे रांग खोळंबली तरी लागू द्या. आणि या शाळेत आलात तर माझी काच पुसत बसू नका. किल्ली मागा.