लाटेकडे पाठ

तो काळा रबरी पोशाख अंगात चढता चढेना. रत्नानं तो गुडघ्यापर्यंत ओढला आणि धापा टाकत वाळूतच बसकण मारली.

"मावशी, उलटा घातलायस. झिप पाठीला येते," आन्या म्हणाली.

"पन्नाशी उलटली की सगळं उलटंच," तिचा नवरा मनोहर बोलला. पायांत बूट, हातात कॉफीचा कागदी कप, समुद्रापासून चांगला लांब उभा. "तिकडे ट्रॉयच्या घरी अंगणातला बर्फ ओढताना हिची कंबर धरते, आणि इथं सर्फिंगच्या फळीवर उभी राहणार म्हणे."

"उभं कुणाला राहायचंय," रत्ना पुटपुटली.

खरंच नव्हतं राहायचं. तिला फक्त लाटा फुटतात त्याच्या पलीकडे जायचं होतं. तिथं, त्या निजल्या पाण्यात, तिचा नकुल फळीवर पाय सोडून बसायचा. सनीव्हेलला नोकरी, शनिवारी पहाटे निघायचा, डोंगर उतरून या किनाऱ्यावर यायचा. फोनवर सांगायचा, "आई, तिकडे गेलं ना, की सगळा आवाजच बंद होतो." मागच्या हिवाळ्यात, धुक्यात, त्याच डोंगररस्त्यावर त्याची गाडी दरीत गेली. टपावर बांधलेल्या फळीला ओरखडासुद्धा नव्हता.

अस्थी दोघांनी नाशिकला नेल्या, गोदावरीत सोडल्या. पण त्याआधीच रत्नानं चिमूटभर राख कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डबीत काढून ठेवली होती. उन्हाळा लागला तशी एक दिवस तिनं ती डबी ओट्यावर ठेवली.

"एवढा उरलाय. त्याला तिकडे सोडायचाय."

मनोहरनं डबी उचलली, झाकण घट्ट आहे ना ते पाहिलं. "बोट भाड्यानं घेऊ," मग म्हणाला.

"बोटीनं कधी गेला होता तो?"

म्हणून हा आठवडाभराचा सर्फिंग कॅम्प. शिकवणारी आन्या ट्रॉयमधल्या शेजाऱ्यांचीच मुलगी, नकुलच्या पाठीपाठी लहानाची मोठी झालेली. "मी नेऊन सोडते ना मावशी, प्लीज," ती म्हणाली होती. रत्नानं नको म्हटलं. ज्या हातांनी न्हाऊ घातलं, त्याच हातांनी पोचवायचं.

पहिल्याच सकाळी आन्यानं बजावलं, "वन रूल. समुद्राकडे पाठ करायची नाही. नेव्हर. लाट मागून येते."

रत्ना शिकली. कोरड्या वाळूत पालथं पडून हात मारायला शिकली, मग पाण्यात. फेसानं नाकातोंडात मीठ कोंबलं, फळीनं हनुवटी फोडली, घोट्याला बांधलेल्या तिच्या दोरीनं कातडं सोललं. लाट यायची, आपटायची, जायची. पुन्हा यायची, पुन्हा आपटायची. बाळंतपणाच्या कळा अशाच, मध्ये जरा श्वास देतात, मग पुन्हा धरतात. रोज संध्याकाळी मनोहर तिच्या खांद्यांना बाम चोळायचा. टोमणे तेव्हा बंद असायचे. एकदाच म्हणाला, "सोडलास की वळून बघू नकोस हं. वळून बघितलं की त्याचा जीव अडकतो."

"माहितीय मला."

शेवटच्या दिवशी समुद्र जरा निवला. आन्या पुढे, रत्ना मागे. एक लाट डोक्यावरून गेली, एक छातीवर आदळली, तिच्या मागचीनं नुसतं उचलून खाली ठेवलं. आणि आवाज बंद झाला. खरंच बंद झाला. निजल्या लेकराच्या पोटासारखं पाणी वरखाली होत होतं.

रत्ना फळीवर पाय सोडून बसली. गळ्याशी खोचलेली डबी काढली, दातांनी झाकण उघडलं.

"बस बाबा तुझ्या जागी," ती म्हणाली. "थंडी वाजली तर वाजू दे. आता मी नाही यायची पांघरायला."

राख पाण्यावर क्षणभर पसरली. तिनं फळी किनाऱ्याकडे फिरवली आणि पालथी झाली.

"मावशी, वेट! मागे बघ! लुक बिहाइंड यू!"

तिनं ऐकलं. मागे पाणी फुगत चाललंय, हे तिला पोटाखालच्या फळीतून कळलंही. पण गोदावरीच्या घाटावर वळली नव्हती ती मान, इथंही वळली नाही.

लाटेनं तिला उचललं, उभं केलं आणि तळाशी नेऊन आपटलं.

मनोहर बुटांसकट छातीभर पाण्यात शिरला. त्यानं आणि आन्यानं तिला ओढून वाळूत आणलं. उजवा हात खांद्यातून निखळून लोंबत होता. "आय टोल्ड यू! व्हाय डिडन्ट यू लुक?" आन्या रडत ओरडली आणि अँब्युलन्स बोलवायला पळाली.

"सोडलास?" मनोहरनं विचारलं.

"सोडला."

"वळून नाही ना बघितलंस?"

"नाही."

तिचा हात सावरताना त्याला बाहीच्या कडेत काहीतरी लागलं. ओलं, करडं, खरखरीत. त्यानं ते बोटावर घेतलं.

"वाळू आहे गं."

"अशी असते वाळू?"

त्यानं बोट उन्हात धरलं, अंगठ्यानं चोळून पाहिलं. त्यालाही सांगता येईना. शेवटी तो उठला, पाण्यापाशी जाऊन ओणवा झाला, बोट धुतलं आणि मागे न बघता परत आला.

रत्ना तशीच पडली होती, तोंड समुद्राकडे. कूस बदलायची सोय नव्हती.

"बघू नकोस," म्हणत त्यानं तिच्या डोळ्यांवर हात धरला.

डाव्या हातानं तिनं तो बाजूला सारला. ती बघत राहिली. लाटांपलीकडे सगळं पाणी सारखंच होतं. कुठं सोडला, ते तिला ओळखू येईना.